कोमट वाटेवरचा बर्फ

१

मालकीणबाईंचा देह हौदाच्या पायऱ्यांवरून उचलून बाकावर ठेवला होता. त्यावर घातलेली चादर अजून कुणी सरळही केली नव्हती. आणि तेवढ्या अवधीत गुन्हेगार ठरूनही गेला होता. मरणाचे दुःख मी समजू शकतो. निकालाची घाई मला समजत नाही. ती त्या पहाटे मी डोळ्यांनी पाहिली, आणि तिची चीड अजून माझ्या अंगातून उतरलेली नाही.

हिवाळा आला की माझ्या थोरल्या बहिणीचे गुडघे धरतात, म्हणून मी तिला डोंगरातल्या त्या गरम झऱ्यावर घेऊन गेलो होतो. थंडी कडाक्याची असल्यामुळे पाहुणे थोडे होते: आम्ही दोघे भावंडे, एक डॉक्टर, आणि झऱ्याच्या जागी मोठे हॉटेल बांधू पाहणाऱ्या कंपनीचा एक माणूस. घर आणि झरा दोन्ही मालकीणबाईंचे. त्यांना मूलबाळ नव्हते. कारभार भाचा पाही. घरापासून उतरत जाणाऱ्या फरसबंदी वाटेच्या टोकाला स्नानघर होते, आणि ते एका बाईच्या ताब्यात होते. तिला सगळे हौदवाली म्हणत. मालकीणबाई तेवढ्या तिला ‘धाकटे’ अशी हाक मारीत.

पाणी अंगाला सोसेल असे झाले की हौदवाली स्नानघराची घंटा वाजवी, आणि पहिला मान मालकीणबाईंचा असे. त्या पहाटेही घंटा वाजली. थोड्या वेळाने खालून किंकाळी आली, ती एकदाच.

आम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी, पायांत सपाता सरकवून धावलो. दारातून बाहेर पडताच मी बर्फावर आडवा झालो. माझ्यापुढे भाचा घसरून उठत होता. कंपनीवाल्याची एक सपाता बर्फातच राहिली. मागून बूट करकरवत आलेल्या डॉक्टरांनी माझ्या बगलेत हात घालून मला उभे केले, “सांभाळा, मास्तर, घाई नको,” म्हणाले, आणि ताईचा दंड धरून तिला अलगद खाली नेले.

हौद काठोकाठ भरलेला होता आणि पाण्याला बोट लावताच चटका बसत होता. गार पाण्याचा नळ घट्ट बंद. मालकीणबाई तिसऱ्या पायरीवर बसल्यासारख्या कलंडल्या होत्या. त्यांची काठी वरच्या खुंटीला नीट अडकवलेली होती.

हौदवाली सर्वांत शेवटी आली, स्वयंपाकघराच्या बाजूने, हातात चहाचा पेला घेऊन. तो पेलाच तिच्याविरुद्ध पहिला साक्षीदार ठरला.

“चहा पीत होतीस?” भाचा किंचाळला. “उकळतं पाणी सोडलंस, गार नळ उघडायचा विसरलीस, घंटा बडवलीस आणि चहा प्यायला गेलीस! माझी आत्या मारलीस तू!”

“हा चहा ताईंचा आहे. आणि घंटा मी वाजवली नाही. स्टोव्हच्या आवाजात मला ती ऐकूही आली नाही.”

“मग काय वाऱ्यानं वाजवली?”

“ओरडू नका,” डॉक्टर हळुवारपणे म्हणाले. “अर्धवट झोपेत असेल बिचारी. चूक माणसाकडूनच होते. पोलिसांना मी स्वतः सांगेन, मुद्दाम केलेलं नाही म्हणून. शिक्षा कमी होईल.”

हौदवालीने पेला खाली ठेवला. तिच्या डोळ्यांत पाणी होते, पण आवाजात नव्हते. “डॉक्टरसाहेब, जे केलंच नाही त्याची माफी तुमच्यापाशीच ठेवा. पुढं कुणाला तरी लागेल.”

भाच्याने तिला टॉवेलांच्या खोलीत कोंडले आणि बाहेरून कडी घातली. रस्ता बर्फाने बंद होता. तो मोकळा झाला की पोलीस वर येणार, आणि तिला घेऊन खाली जाणार. एवढे ठरवून मंडळी शेकोटीपाशी परतली.

ताईने मात्र माझी बाही धरली. मी जन्मभर कायद्याच्या महाविद्यालयात पुरावा हा विषय शिकवला आणि कोर्टाची पायरी एकदाही चढलो नाही, म्हणून ती मला चिडवायला वकीलसाहेब म्हणते.

“वकीलसाहेब, शिकवलेलं काही आठवतंय का? ती बाई रात्रभर माझ्या खोलीत होती.”

२

आदल्या संध्याकाळचे सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही.

झऱ्याचे पाणी खडकातून उकळतेच आणि मोठ्या जोराने बाहेर येते. स्नानघराशेजारच्या एका लहान खोलीत त्याला दोन वाटा आहेत आणि त्या वळवायला एकच जाड फळी आहे. फळी उजव्या खाचेत बसवली की पाणी हौदात जाते, डाव्या खाचेत बसवली की घराकडे येणाऱ्या वाटेखालच्या बंद दगडी पाटातून त्याच जोराने वर चढते आणि फिरून ओढ्याला मिळते. संध्याकाळी हौद रिकामा करून हौदवाली फळी डाव्या खाचेत टाकी. त्यामुळे फरशी रात्रभर कोमट राही आणि कितीही बर्फ पडला तरी वाटेवर एक कण टिकत नसे. पहाटे ती फळी उजवीकडे घाली, गार नळ उघडी, आणि हात बुडवून पाहून घंटा वाजवी.

हे सारे मालकीणबाईंनीच शेकोटीपाशी बसून कंपनीवाल्याला ऐकवले होते.

“माझ्या वडिलांनी बांधलाय हा पाट. आमच्याकडे भर हिवाळ्यात पाहुणा सपाता घालून अंघोळीला जातो, बूट घालत नाही. तुमच्या हॉटेलात जमेल?”

“आम्ही काचेचा बोगदाच बांधू, बाई,” कंपनीवाला म्हणाला.

“बांधा की. दुसऱ्याच्या झऱ्यावर. हा झरा मी परवा गावाच्या नावे करतेय. ज्याला अंग शेकायचंय तो येईल, फुकट शेकेल.”

हे ऐकून भाच्याचे तोंड उतरले, ते सर्वांना दिसले. त्याच वेळी जळक्या लोकरीचा वास आला. मालकीणबाईंचा डावा पाय शेकोटीला जवळजवळ टेकला होता आणि मोज्याचा तळवा धुमसत होता.

“आत्या, पाय जळतोय तुझा! लक्ष कुठं असतं?” भाचा हसत हसत ओरडला.

“तुझ्या लग्नाच्या काळजीत असतं,” मालकीणबाई म्हणाल्या, आणि आम्ही सगळे हसलो.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी खुर्ची मागे ओढली, खाली वाकून जळका मोजा उतरवला आणि तळव्यावर बोटाने दोनतीन ठिकाणी दाबून पाहिले. मालकीणबाई त्या वेळी कंपनीवाल्याशी भांडत होत्या. त्यांचे बोलणे थांबले नाही, नजरही खाली गेली नाही.

जेवण झाल्यावर माझ्याखेरीज तिन्ही पुरुष एकेकटे बाहेर जाऊन आले. भाचा लाकडे आणायला गेला, कंपनीवाला फोन लागतो का ते बघायला, डॉक्टर पाय मोकळे करायला. ते परतले आणि बर्फाला सुरुवात झाली. हौदवाली ताईचे गुडघे शेकायला तिच्या खोलीत आली होती. बर्फाचा जोर पाहून ताईने तिला खोलीतच झोपवून घेतले.

“मी पापणीला पापणी लावली नाही,” ताई मला म्हणाली. “एक गुडघे ठणकत होते, त्यातून ती घोरत होती. उजाडायच्या जरा आधी उठली, म्हणाली, ‘पहिल्यांदा तुम्हाला चहा देते, मग पाणी बघते.’ ती बाहेर पडली, आणि तिच्यामागोमाग घंटा झाली.”

“तेवढ्या वेळात ती खाली जाऊ शकली असती?”

“फळी टाकून, घंटा मारून, वर येऊन चहा करण्याइतका वेळ नव्हता. पण माझं कोण ऐकणार? म्हातारीला डुलकी लागली असेल म्हणतील.”

ती म्हणाली तसेच झाले.

३

“तुमच्या ताईंना डुलकी लागली असेल,” भाचा म्हणाला. तो जमाखर्चाच्या खोलीत अंधारात बसला होता. त्याचे डोळे सुजले होते. “आणि रात्रीचं काय घेऊन बसलात? रात्री तिनं काही केलं असं कोण म्हणतंय? केलं ते पहाटे केलं.”

“तुमच्या आत्याला पहिल्याच पायरीवर चटका कसा बसला नाही?”

तो माझ्याकडे पाहतच राहिला. हा प्रश्न त्याच्या मनाला शिवलाच नव्हता. “लक्ष नसेल. काल नाही का मोजा जळला? अशीच होती ती. भोळी.” आणि तो रडू लागला. “मला झरा विकायचा होता, हो, होता! पण विकायचा होता, मास्तर. तिला मारून काय करू मी?”

कंपनीवाला ओले मोजे खुर्चीच्या पाठीवर पसरत होता. “घसरल्या असतील आणि थेट आत गेल्या असतील. साधी गोष्ट आहे.”

“घसरणारा माणूस आधी काठी खुंटीला अडकवत नाही. आणि घसरलेला माणूस तिसऱ्या पायरीवर बसलेला सापडत नाही.”

“तुम्ही फार खोलात जाता बुवा. एक कामवाली चुकली. आमच्याकडे असती तर आधीच काढून टाकली असती.”

कामवाली! या गृहस्थाचे अंग रोज त्याच बाईच्या हाताने तपासलेल्या पाण्यात शेकले जात होते. जे उत्तर माझ्या ओठांवर आले ते लिहिण्यासारखे नाही.

डॉक्टर खिडकीपाशी शांतपणे वाचत बसले होते. त्यांची खोली घराच्या पाठीमागच्या अंगाला होती. खिडकीतून कड्याशिवाय दुसरे काही दिसत नव्हते.

“हृदय, मास्तर. उष्णतेचा धक्का. एका क्षणात.”

“पण पायऱ्या उतरताना?”

“वाफेत काही दिसत नाही. घंटेवर विश्वास ठेवून उतरल्या.”

“पायांचं काही दुखणं होतं का त्यांना?”

“वयोमानाचं. विशेष काही नाही.” त्यांनी पुस्तकात बोट घालून ते मिटले. “त्या बाईसाठी तुमचा जीव तुटतोय हे मला दिसतंय. माझाही तुटतो. तिला कबूल करायला सांगा. निष्काळजीपणा म्हटलं की थोडक्यात सुटेल.”

मी उठलो. मुठी का वळल्या आहेत, हे तेव्हा मला स्वतःलाही सांगता आले नसते.

टॉवेलांच्या खोलीच्या दाराला तोंड लावून मी हौदवालीला विचारले, “बाई, काल संध्याकाळी फळी कुठल्या खाचेत होती?”

“डाव्या. जेवायला वर येताना फरशी कोमट होती की नाही, या पाहुण्यांनाच विचारा की. एकेकाला बोलावून.” आणि जरा थांबून, “मास्तर, बाईंच्या अंगावरची चादर नीट केली का हो कुणी?”

कुणीही केली नव्हती.

४

राग थंड करायला मी ओसरीत आलो. कंपनीवाला माझ्या मागोमाग आला. त्याला एका सपातेवर तिथल्या तिथे लंगडी घालावी लागत होती.

“बघा, बघा हे,” तो बर्फाकडे हात करून म्हणाला. “कोमट वाट म्हणे! काल बाईंनी केवढी फुशारकी मारली! मी तर जाहिरातीत घालणार होतो. सरळसरळ फसवणूक आहे.”

मी पाहिले. अंगणात बर्फ होता. छपरावर होता. आणि वाटेवर, आमच्या पावलांनी तुडवलेला भाग सोडला तर, कडेपासून कडेपर्यंत तेवढ्याच जाडीचा बर्फ होता. पहाटे मी त्याच बर्फावर कोपर फोडून घेतले होते, आणि तरी आतापर्यंत मला तो दिसला नव्हता.

“पुन्हा म्हणा,” मी म्हणालो.

“काय?”

“फसवणूक. ती कुणी केली, ते आता सांगता येईल.”

मी आत गेलो, कडी काढली, आणि भाचा आडवा आला तेव्हा जन्मात पहिल्यांदा कुणाला तरी हाताने बाजूला केले.

५

सगळ्यांना मी ओसरीत उभे केले. ताईला खुर्ची दिली. हौदवालीला खाली पाठवून फळी डाव्या खाचेत टाकायला सांगितले.

“ती पळून जाईल!” भाचा म्हणाला.

“तुमचे डोळे वाटेवर ठेवा.”

काही वेळ काहीच झाले नाही. कंपनीवाला जांभई देऊ लागला. मग स्नानघराच्या टोकाला बर्फ करडा झाला, खचला, आणि त्याखालून ओली काळी फरशी दिसू लागली. काळा पट्टा सावकाश वर चढत आमच्याकडे आला. दोन्ही बाजूंचे अंगण जसेच्या तसे पांढरे, आणि मधून वाफाळती वाट.

“आता ऐका. या बाईवरचा आरोप काय आहे? पहाटे उठून तिनं फळी उजवीकडे टाकली आणि गार नळ विसरली. तसं असतं तर रात्रभर पाणी या वाटेखालून वाहिलं असतं, आणि पहाटे आपण ओल्या फरशीवरून सपाता वाजवत गेलो असतो. प्रत्यक्षात आपण बर्फावर आपटलो. म्हणजे फळी पहाटे फिरली नाही. बर्फ पडण्याआधी, काल जेवणानंतर फिरली. त्या वेळेपासून ही बाई माझ्या बहिणीच्या खोलीत होती. बाहेर गेला होतात तुम्ही तिघे.”

कंपनीवाल्याची जांभई अर्ध्यावर राहिली.

“रात्रभर निव्वळ उकळतं पाणी हौदात पडत राहिलं. पहाटे कुणीतरी खाली गेलं, घंटा वाजवली आणि घरात परतलं. मालकीणबाई त्या घंटेवर भरवसा ठेवून, काठी टेकत त्याच बर्फावरून उतरल्या. आता दुसरी गोष्ट. उकळत्या हौदानं कुणाचा खून होतो का? तुमचा-माझा होणार नाही. बोट लागताच आपण पाय मागे घेऊ. हा उपाय ज्याला सुचला, त्याला एक गोष्ट ठाऊक असली पाहिजे.”

“मास्तर, पुरे,” भाचा हुंदका देत म्हणाला. “किती भाजलं असेल तिला! पायरी-पायरीनं...”

डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “नाही हो. असा विचार करू नका. गुडघ्याखाली त्यांना काहीच कळत नव्हतं.”

भाचा त्या हाताखालून बाजूला झाला. 

“काय म्हणालात?” भाच्याने विचारले.

“मघाशी तर तुम्ही ‘विशेष काही नाही’ म्हणालात,” मी म्हणालो. “काल शेकोटीपाशी तुम्ही तळवा दाबून पाहिलात, आणि त्या बोलतच राहिल्या. भाच्याला वाटलं, आत्याचं लक्ष नाही. तुम्हाला कळलं, पायच बधिर झालेत. कुठल्याही डॉक्टरनं तिथल्या तिथे घर डोक्यावर घेतलं असतं: बाई, आजपासून गरम पाण्यात एकटीनं पाय घालायचा नाही. तुम्ही मोजा बाजूला ठेवलात आणि पाय मोकळे करायला बाहेर गेलात.”

“हा तर्क झाला,” डॉक्टर म्हणाले. आवाज अजून हळुवारच होता.

“मग तुमच्या पायांकडे बघू या. किंकाळी ऐकून आम्ही सगळे सपातांत धावलो, कारण बर्फ कितीही पडो, ही वाट मोकळी असते असं आम्ही धरून चाललो होतो. सगळे आपटलो. तुम्ही आपटला नाहीत. मला उचललंत, माझ्या बहिणीला सांभाळून नेलंत. मी तुमचे आभारही मानले असते. पण रात्रीच्या कपड्यांत, झोपेतून उठून आलेल्या माणसाच्या पायांत जाडजूड, नाड्या बांधलेले बूट कसे? तुमच्या खिडकीतून ही वाट दिसतही नाही. वाटेवर बर्फ आहे हे त्या घडीला मालकीणबाईंखेरीज फक्त एकाच माणसाला माहीत होतं: जो आमच्याआधी, घंटा वाजवायला, त्यावरून जाऊन आला होता.”

सगळ्यांच्या नजरा खाली गेल्या. डॉक्टरांच्या पायांत अजून तेच बूट होते.

“बूट घातले म्हणून फाशी देणार का मला?”

“आरोग्यकेंद्र,” कंपनीवाला एकदम म्हणाला. त्याचा रंग उतरला होता, आणि आपली कातडी वाचवायची घाई त्याच्या प्रत्येक शब्दात होती. “आमच्या हॉटेलात जे केंद्र होणार होतं, त्याचे प्रमुख हेच होणार होते. बाईंचं मन वळवतो, असा शब्द दिला होता यांनी. मला बाकी काही माहीत नाही, देवाशपथ!”

“मी त्या बाईला सोडवत होतो!” डॉक्टरांचा आवाज पहिल्यांदाच चढला. “तुम्ही सगळे तिला फाडून खात होतात, आणि मी एकटा दया दाखवत होतो!”

“दया!” मी ओरडलो, आणि मला माझाच आवाज परका वाटला. “आरोप झाला तर माणूस तो नाकारू शकतो. तुम्ही तर तिला माफच करून टाकलंत! गुन्हा शाबीत झाल्याशिवाय माफी होत नाही, हे ओळखून तुम्ही शाबितीची पायरीच गाळलीत. भाचा ओरडला तो दुःखानं. तुम्ही तुमचं पाप तिच्या पदरात घातलंत, आणि वर तिनं तुमचे उपकार मानावेत अशी अपेक्षा केलीत!”

डॉक्टर बूट घातलेले पाय खुर्चीखाली लपवावेत तसे मागे ओढू लागले. खुर्ची नव्हती, ते उभेच होते. मग ते ओसरीच्या पायरीवर बसले.

६

दुपारी पोलीस आले. डॉक्टर त्यांच्या मधोमध चालत गेले. ताईने भाच्याला आपल्यासमोर बसवून चहा पाजला. मी वाट पाहत होतो.

एका माणसाला जिवंतपणी गाडू पाहणारी ही मंडळी आता हौदवालीकडे जातील, निदान खाली मान घालून उभी राहतील, असे मला वाटत होते. भाचा ‘डोकं ठिकाणावर नव्हतं माझं’ असे शेकोटीला उद्देशून म्हणाला. कंपनीवाल्याने तेवढेही म्हटले नाही. टॉवेलांच्या खोलीची कडी तशीच लोंबत होती, आणि तिच्यासमोरून सगळे ये-जा करत होते.

हौदवाली स्नानघरातून वर आली. तिने पांढऱ्या चादरींची चवड काखेत घेतली. कंपनीवाला अंग चोळत तिच्या वाटेत उभा राहिला.

“बाई, सकाळपासून हाडं गोठलीयत. जे झालं ते झालं. हौदाचं पाणी कधी मिळेल?”

माझ्या तोंडून काही निघण्याआधी ताईने माझ्या दंडाला चिमटा काढला.

हौदवालीने त्याच्याकडे पाहिले. चीड तिच्याही चेहऱ्यावर होती, पण ती तिने चादरींसारखी घडी घालून ठेवली होती.

“हौदात आज पाणी नाही. फळी डावीकडेच राहील,” ती म्हणाली. “बाईंना अजून वर आणायचंय. त्यांच्या वाटेवर बर्फ नको.”

ती वाफाळत्या फरशीवरून खाली उतरू लागली. भाचा उठला, सपाता घातल्या, आणि तिच्यामागे निघाला.